सीन ३ वर शिट्टी का आली? प्रोग्रामेबल पॉवर्ड मिक्सर पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रोड, कुठलीही सोसायटी घ्या. गणपतीतली संध्याकाळ साधारण अशी असते: आरती, चेअरमनसाहेबांचं दोन मिनिटांचं (म्हणजे बारा मिनिटांचं) भाषण, महिला मंडळाचं भजन, दोन नाट्यपदं, चार-पाच कराओके, मुलांचे नाच आणि शेवटी बक्षिसं. दर दहा मिनिटांनी स्टेजवरची माणसं आणि वाद्यं बदलतात. मिक्सरवर बसलेल्या माणसाला मात्र हात दोनच असतात. प्रोग्रामेबल पॉवर्ड मिक्सर उपयोगी पडतो तो इथे.

पॉवर्ड मिक्सर म्हणजे मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. मागून थेट स्पीकरच्या वायरी निघतात, वेगळा अँप्लिफायर लागत नाही. प्रोग्रामेबल म्हणजे केलेली मांडणी (कुठला माइक चालू, कुठला बंद, कोणाला किती इको) नंबर देऊन साठवता येते आणि एका बटणावर परत आणता येते. या मांडणीला सीन म्हणतात. दीडशे-दोनशे माणसांच्या हॉलला किंवा छोट्या मांडवाला असं एक यंत्र पुरतं. बालगंधर्व रंगमंदिराएवढ्या नाट्यगृहाचं किंवा मिरवणुकीचं हे काम नाही.

आधी हे बघा: तुमचं यंत्र नक्की काय लक्षात ठेवतं?

‘मेमरी आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. काही पॉवर्ड मिक्सरमध्ये फक्त इफेक्टचे प्रोग्राम साठतात, म्हणजे रिव्हर्ब (मोठ्या हॉलमध्ये घुमल्यासारखा आवाज), इको आणि त्यांच्या वेळा. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी), ईक्यू (खर्ज-तार कमी-जास्त करायची सोय), म्यूट (आवाज बंद करायचं बटण) हे सगळं हातानेच करायचं. पूर्ण डिजिटल यंत्रात फेडर, म्यूट, ईक्यू, कंप्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा), ऑक्स (मॉनिटरला किंवा इफेक्टला आवाज पाठवायची वेगळी वाट), इफेक्ट असं जवळजवळ सगळं साठतं. तरी तिथेही दोन गोष्टी बऱ्याचदा सीनच्या बाहेर राहतात: हाताने फिरवायची गेनची बटणं (माइकचा आवाज यंत्रात किती घ्यायचा ते ठरवणारी) आणि ४८ व्होल्टचा फँटम स्विच (काही माइकना केबलमधूनच वीज देणारा).

तपासायला पाच मिनिटं लागतात. सगळे फेडर वर करून ‘१’ वर सेव्ह करा. मग सगळे खाली करा, ईक्यू वेडंवाकडं करा, गेन शून्यावर न्या, काही म्यूट दाबा आणि ‘२’ वर सेव्ह करा. आता ‘१’ परत बोलवा. जे परत आलं ते सीनमध्ये आहे, जे जागचं हललं नाही ते नाही. ही यादी कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. शिवाय यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि ते शेवटच्या मांडणीवर उठतं की कंपनीच्या कोऱ्या मांडणीवर, हेही बघून ठेवा. ऐन कार्यक्रमात लाइट गेली की या माहितीची किंमत कळते.

सोबत काय न्यायचं

आठ माइकच्या कार्यक्रमाला दहा एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबल घ्या, पाच ते दहा मीटरच्या. दोन जास्तीच्या, कारण एक तरी दगा देतेच. स्पीकरच्या केबल वेगळ्या: मेनसाठी (प्रेक्षकांकडचे बॉक्स) वीस मीटरच्या दोन, मॉनिटरसाठी (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) दहा मीटरची एक. डीआय बॉक्स (कीबोर्ड-लॅपटॉपचा आवाज माइकच्या इनपुटला जुळवणारी छोटी पेटी) दोन, कीबोर्डसाठी साध्या जॅकच्या केबल चार, मोबाइल-लॅपटॉपसाठी एका बाजूला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो जॅक अशा दोन केबल. माइकचे स्टँड सहा, त्यातले तीन बैठे. मल्टिमीटर, टॉर्च, कॉर्डलेस माइकसाठी कोरे सेल, केबल जमिनीला चिकटवायची कापडी टेप आणि एक पेनड्राइव्ह. केबल आणि पिना पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या मिळतात. तयार केबल घेतलीत तर दुकानातच पिन उघडून तिच्यातलं झाळकाम बघा. साडेसहाला फुटणारी केबल दुपारी दिसायला एकदम नवी असते.

वीज

मिक्सर लावण्याआधी बोर्डात मल्टिमीटर घाला. फेज ते न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट, फेज ते अर्थ तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ काहीच दाखवत नसेल तर अर्थिंग नाही, आणि मग माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. फेज-न्यूट्रल तीनशेच्या वर गेलं तर हात आखडता घ्या. मांडवाच्या थ्री-फेज लाइनमध्ये न्यूट्रल सुटला की असं होतं, आणि तेवढ्यात मिक्सर चालू केला तर तो पुन्हा चालू होत नाही.

मिक्सर, कीबोर्ड, लॅपटॉप, कॉर्डलेसचे रिसीव्हर हे सगळं शक्यतो एकाच बोर्डावरून घ्या. दिव्यांच्या माळा, डिमर आणि प्रसादाच्या स्वयंपाकघरातला मिक्सर (हो, तोही मिक्सरच) दुसऱ्या लाइनवर. घूंऽऽ असा आवाज येतो म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढायची पद्धत अजून दिसते. ती करू नका. घूं जातं, पण त्यासोबत जीव वाचवणारी वायरही जाते. लॅपटॉपमुळे असं घूं येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, किंवा डीआय बॉक्समधून घ्या आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबा.

स्पीकर आणि ओहमचा हिशेब

नव्या माणसाकडून यंत्र जळतं ते बहुतेक वेळा इथेच, म्हणून जरा थांबून वाचा.

मिक्सरच्या मागे प्रत्येक बाजूला किमान किती ओहम (स्पीकरच्या रोधाचं माप) चालतील ते छापलेलं असतं. बहुतेकांवर ४ ओहम. तुमचा बॉक्स ८ ओहमचा असेल तर एका बाजूला एक बॉक्स म्हणजे ८, दोन समांतर जोडले की ४. चार जोडले की २, आणि मग यंत्र तापतं, प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो आणि ऐन रंगात आवाज बंद. ‘अजून एक बॉक्स मागे लावू या की’ असं समितीतलं कोणीतरी म्हणतंच. त्यांना हा हिशेब सांगा.

बॉक्स पॅसिव्ह हवेत. ज्याला स्वतःची वीज लागते असा पॉवर्ड स्पीकर या स्पीकर आउटपुटला कधीही जोडू नका. त्याच्यासाठी लाइन आउट असतं. देवळात-शाळेत लावलेले कर्णे आणि उभे कॉलम बऱ्याचदा १०० व्होल्ट लाइनचे असतात, आत ट्रान्सफॉर्मर असलेले. ते वेगळ्या जातीचे, या यंत्राला ते थेट लावायचे नाहीत.

वायर जाड हवी. वीस मीटर लांब, १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर वापरली तर जाऊन-येऊन चाळीस मीटर होते आणि तिचा स्वतःचाच रोध अर्ध्या ओहमच्या जवळ जातो. ४ ओहमच्या भाराला मिळणारी ताकद त्यामुळे सुमारे २० टक्क्यांनी घटते. २.५ चौरस मिमीला ही घट १२-१३ टक्क्यांवर येते. घरातल्या बेलची अर्ध्या चौरस मिमीची वायर ओढलीत तर जवळजवळ निम्मी ताकद वाटेतच संपते. गिटारची जॅक केबल स्पीकरला लावू नका. दिसायला पिन तीच असली तरी आतली तार केसाएवढी असते आणि ती तापते.

स्पीकॉन पिन घातल्यावर उजवीकडे फिरवून ‘टक’ वाजेपर्यंत बसवा. नुसती घातलेली पिन आत गेल्यासारखी दिसते, पण आवाज येत नाही किंवा मध्येच जातो. दोन्ही बॉक्स लागले की एकच गाणं मोनोमध्ये लावून दोघांच्या बरोबर मध्ये उभं राहा. खर्ज गायब आणि आवाज पोकळ वाटला तर एका वायरीत अधिक-उणे उलटं झालंय.

बऱ्याच पॉवर्ड मिक्सरवर अँप्लिफायरसाठी एक स्विच असतो: डावा-उजवा, मेन-मॉनिटर, आणि काहींवर ब्रिज (दोन्ही अँप्लिफायर मिळून एक). सोसायटीच्या कार्यक्रमाला आमचं मत मेन-मॉनिटरला. एक अँप्लिफायर प्रेक्षकांच्या दोन्ही बॉक्सना, मोनोमध्ये. दुसरा स्टेजवरच्या मॉनिटरला. स्टिरिओचं सुख फक्त मधल्या चार खुर्च्यांना मिळतं, पण गायिकेला स्वतःचा सूर ऐकू आला नाही तर त्रास सगळ्यांना होतो. ब्रिजच्या नादी सुरुवातीला लागू नका. त्यात किमान ओहमची अट दुप्पट होते.

बॉक्स माइकच्या रांगेपेक्षा निदान एक मीटर पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, आणि वरचा ट्वीटर (बारीक, तार आवाजाचा छोटा स्पीकर) बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून जाईल एवढ्या उंचीवर. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरा, मांडवात पायावर वाळूची पिशवी ठेवा. मुलं त्याच्याभोवती पळणार आहेत, हे गृहीतच धरा.

कुठल्या चॅनेलवर कोण

सीन वापरायचे असतील तर एक नियम पक्का: प्रत्येकाचा चॅनेल (मिक्सरवरची एकेका माइकची किंवा वाद्याची रांग) कार्यक्रमभर बदलायचा नाही. भजनाला चौथ्यावर पेटी आणि नाचाच्या वेळी चौथ्यावर निवेदकाचा माइक असं केलंत, आणि गेन सीनमध्ये साठत नसेल, तर मेमरी असून नसल्यासारखी. उदाहरणादाखल वाटप असं:

१ निवेदक (कॉर्डलेस), २ मुख्य गायक, ३ साथीचा गायक, ४ पेटी, ५ तबला, ६ डग्गा, ७ पखवाज किंवा ढोलकी, ८ पाहुणे आणि भाषणं, ९-१० कीबोर्ड, ११-१२ लॅपटॉप.

पेटीचा भाता प्रेक्षकांच्या बाजूला असतो. माइक समोर लावलात तर सुरापेक्षा भात्याचा वारा आणि खटखट जास्त येते. बैठ्या स्टँडवरून माइक वरच्या फळीच्या दिशेने, वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, वादकाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. तबल्याला पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीवरून शाईच्या कडेकडे रोखलेला. छोट्या हॉलमध्ये तबला-डग्ग्याच्या मधोमध एक माइकही पुरतो. टाळांना माइक देऊ नका. ते बाकीच्या सगळ्या माइकमध्ये आपोआप येतात, आणि भरपूर येतात.

लॅपटॉपची एक खोड माहीत असू द्या. त्याच्या स्टिरिओ पिनेतून तीन भागांच्या जॅकने थेट एका मोनो लाइन इनपुटमध्ये गेलात तर बॅलन्स्ड इनपुट डाव्या आवाजातून उजवा वजा करतो. ट्रॅकमध्ये मधोमध असलेलं सगळं, म्हणजे मुख्य आवाज, बास, ढोलाचा ठोका, उडून जातं आणि मागचं व्हायोलिन तेवढं ऐकू येतं. ‘ट्रॅक खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. ट्रॅक खराब नसतो, केबल चुकीची असते. दोन मोनो जॅकची केबल घ्या आणि ९-१०, ११-१२ अशा जोडीतच लावा. ट्रॅक मोबाइलवरून वाजवत असाल तर तो फ्लाइट मोडवर, नाहीतर नाचाच्या मध्ये कोणाच्या तरी आत्याचा फोन हॉलभर वाजतो.

फँटमचा ४८ व्होल्टचा स्विच कंडेन्सर माइकलाच लागतो. शुअर एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माइकला तो लागत नाही आणि केबल धड असेल तर त्याने बिघडतही नाही. पण पॉवर्ड मिक्सरवर बऱ्याचदा सगळ्या चॅनेलना मिळून एकच स्विच असतो. मास्टर (सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करणारा फेडर) खाली करून मगच दाबा, नाहीतर असा धप्प आवाज येतो की पुढच्या रांगेतले आजोबा उठून घरी जातात.

गेन: इथे घाई नको

सगळ्यात जास्त चुका गेनच्या बटणात होतात आणि नंतर त्या ईक्यूने झाकायचा प्रयत्न चालतो.

मास्टर बंद. चॅनेलचा फेडर शून्याच्या खुणेवर. गेन पूर्ण डावीकडे. त्या चॅनेलचं पीएफएल दाबा म्हणजे मीटरवर फक्त तोच माइक दिसेल. आता गायिकेला ‘हॅलो, चेक’ म्हणायला लावू नका. ती कार्यक्रमात हॅलो म्हणणार नाहीये. तिच्या पदातली सगळ्यात वरची ओळ पूर्ण आवाजात म्हणायला सांगा. गेन हळूहळू उजवीकडे. डिजिटल मीटरवर सरासरी -१८ च्या आसपास आणि वरच्या सुरांवर -८ ते -६ पर्यंत उडी दिसली की थांबा. साध्या दिव्यांच्या मीटरवर हिरवा सतत, पिवळा अधूनमधून, लाल कधीच नाही. मग आणखी तीन डीबी (डेसिबल) खाली घ्या. तालमीपेक्षा कार्यक्रमात माणसं जोरात गातात, आणि समोर नातेवाईक बसले असतील तर जास्तच.

गेन कमी ठेवून फेडर वर ढकलला तर आवाजासोबत सूं वाढतं. गेन जास्त ठेवला तर चॅनेल आतच फाटतो आणि फेडर खाली केला तरी फाटलेलाच ऐकू येतो. एकदा गेन ठरला की त्याच्या बटणावर टेपचा तुकडा लावून खूण करा.

शिट्टी काढणं

माइकचा आवाज स्पीकरमधून बाहेर, तो परत माइकमध्ये, असं चक्र फिरलं की शिट्टी. ती कधी येते हे ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये एक अशी आहे जिच्याकडे नवखे बघतच नाहीत: एका वेळी किती माइक उघडे आहेत. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारी जागा ३ डीबीने घटते. आठ उघडे असतील आणि गाणारे दोनच असतील, तर सहा बंद केल्याने ६ डीबी मोकळे मिळतात. सीनचं खरं काम हेच, नको असलेले माइक वेळेवर बंद ठेवणं. इको बदलणं ही नंतरची मजा.

हॉलची शिट्टी अशी काढतात. गायनाचे माइक उघडे, इफेक्ट बंद, मेनचं ग्राफिक (प्रत्येक पट्टीला एक दांडी असलेला ईक्यू) सपाट. मास्टर हळूहळू चढवा. पहिली बारीक कूंऽऽ आली की हात थांबवा. घुमल्यासारखी, ‘हूंऽ’ अशी असेल तर २५० ते ५०० हर्ट्झ. नाकात बोलल्यासारखी असेल तर १ किलोहर्ट्झच्या आसपास. कानात टाचणी गेल्यासारखी असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झ. त्या पट्टीची दांडी ३ डीबी खाली. पुन्हा चढवा, पुढची शिट्टी शोधा. तीन-चार जागा झाल्या की पुरे. सगळ्याच दांड्या खाली यायला लागल्या तर तुम्ही ईक्यूने आवाज कमी करताय. स्पीकरची किंवा माइकची जागा बदला. शेवटी मास्टर सापडलेल्या टोकापासून ६ डीबी खाली घ्या. ही तुमची कमाल, कोणी कितीही हातवारे केले तरी.

गायनाच्या आणि बोलण्याच्या माइकवर लो-कट (खालचा खर्ज कापणारं बटण) ८० किंवा १०० हर्ट्झला चालू ठेवा. डग्गा, पखवाज, कीबोर्ड यांना नको, नाहीतर डग्ग्याचं घुमारणं कापलं जातं. मॉनिटर कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकच्या अगदी पाठीमागे. सुपरकार्डिऑइड असेल तर पाठीमागून थोडा बाजूला, कारण त्याला मागून थोडं ऐकू येतं. आणि माइकची जाळी मुठीत धरणाऱ्या कराओकेवाल्यांना आधीच सांगा. जाळी झाकली की माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी मारतो.

मॉनिटरचा ऑक्स प्री-फेडर ठेवा, म्हणजे तुम्ही हॉलचा आवाज बदललात तरी स्टेजवरचा बदलणार नाही. इफेक्टचा ऑक्स पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरसोबत तोही कमी-जास्त होईल. रिव्हर्ब भजनाला दीड सेकंदाच्या आसपास, भाषणाला शून्य. इको तालात बसवायचा असेल तर ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागा: मिनिटाला ९० मात्रा असतील तर ६६७ मिलिसेकंद, निम्मा हवा तर ३३३.

आता सीन

सुरुवात एका मूळ सीनपासून. गेन, ईक्यू, ग्राफिक, मॉनिटर, इफेक्टच्या वेळा सगळं बसलं आणि सगळे चॅनेल म्यूट केले की ‘१’ वर सेव्ह. पुढचा प्रत्येक सीन या मूळ सीनची नक्कल करून बनवायचा आणि त्यात फक्त तीन गोष्टी बदलायच्या: म्यूट, फेडर आणि इफेक्टचं प्रमाण. कोरी मांडणी घेऊन प्रत्येक सीन वेगळा जुळवत बसलात तर भजनाला हॉल एक आणि कराओकेला दुसराच वाटतो.

सीन २: निवेदक आणि पाहुणे, इफेक्ट बंद. सीन ३: भजन, २ ते ७ उघडे, रिव्हर्ब चालू. सीन ४: नाट्यपदं, पखवाज बंद, गायकाचा फेडर थोडा वर. सीन ५: कराओके, २, ३ आणि लॅपटॉप, इको चालू. सीन ६: नाच, फक्त लॅपटॉप. सीन ७: मध्यंतर, मंद संगीत. नावं छोटी द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कागदावर प्रत्येक बाबीपुढे सीनचा नंबर लालने लिहा. पत्रिकेतला क्रम ऐनवेळी बदलतोच, म्हणून ‘पुढचा सीन’ बटणापेक्षा नंबर दाबायची सवय लावा.

आता शीर्षकातला प्रश्न. समजा सीन ३ चालू आहे. हॉल भरला, दारं लावली, आणि ५०० हर्ट्झवर घुमायला लागलं. तुम्ही मेनच्या ग्राफिकवर ती दांडी खाली केली. शांत झालं. निवेदन आलं, तुम्ही सीन २ लावला, आणि तीच हूंऽ परत. घाबरून पुन्हा दुरुस्त केलं, मग भजनाच्या दुसऱ्या पदाला सीन ३, आणि पुन्हा शिट्टी. यंत्र बिघडलेलं नाही. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साठवलेलं ग्राफिक ते इमानाने परत आणतंय.

यावर उपाय म्हणजे ‘रिकॉल सेफ’ (रिकॉल म्हणजे साठवलेला सीन परत बोलवणं). ज्या गोष्टींवर सेफ लावलं त्यांना सीन हात लावत नाही. मेन आउट, त्याचं ग्राफिक, मॉनिटरचे आउट आणि चॅनेल १ (निवेदक) यांना नेहमी सेफवर ठेवा. निवेदकाला सेफ का, तर वाक्य अर्ध्यावर असताना सीन बदलला आणि नव्या सीनमध्ये त्याचा माइक म्यूट असला, की ‘आता आपल्यासमोर येत आहेत…’ च्या पुढचं नाव हवेत विरतं. त्याचा माइक हातानेच चालू-बंद करा. तुमच्या यंत्रात सेफ नसेल तर मेनच्या ग्राफिकमध्ये केलेली दुरुस्ती मध्यंतरात प्रत्येक सीनमध्ये जाऊन पुन्हा सेव्ह करावी लागेल. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांत होतं.

सेव्ह आणि रिकॉलची बटणं शेजारीशेजारी असतात. अंधारात रिकॉलऐवजी सेव्ह दाबलं गेलं की चांगला सीन पुसला जातो. सीन लॉक करायची सोय असेल तर वापरा. नसेल तर सेव्हच्या बटणावर टेप.

बदलायची वेळही साधावी लागते. समेवर आलं की लगेच दाबू नका. रिव्हर्बची शेपूट कात्रीने कापल्यासारखी तुटते. टाळ्या सुरू झाल्या की दाबा. त्या गडबडीत छोटा ‘टक’ आला तरी कोणाला कळत नाही.

चालू कार्यक्रमात

एक चॅनेल अचानक गेला तर आधी म्यूट, मग केबल, मग माइक, या क्रमाने बघा. दहापैकी बऱ्याच वेळा सीनमध्ये म्यूटच राहिलेला असतो. कॉर्डलेस तुटक यायला लागला तर सेल. मध्यंतरात ते न विचारता बदला. सगळाच आवाज गेला आणि प्रोटेक्टचा दिवा लागला तर मास्टर खाली, स्पीकरच्या पिना काढा, एकेक परत लावा. ज्या पिनेला दिवा पुन्हा लागतो तिच्यात तारेचा एखादा केस शेजारच्या टोकाला चिकटलेला असतो. काहीच सापडलं नाही आणि यंत्र हाताला गरम लागलं तर मागच्या पंख्यावर कोणीतरी सतरंजी टाकलीय का बघा. भाद्रपदातला पाऊस मांडवात गळतो म्हणून यंत्रावर प्लास्टिक टाकतात. ते वरून छत्रीसारखं हवं, गुंडाळून नको.

लिमिटचा (अँप्लिफायर टोकाला पोचल्याचा) दिवा ठोक्यागणिक क्षणभर लुकलुकला तर ठीक. सतत पेटून राहिला तर अँप्लिफायर फाटतोय आणि आधी जातात ते ट्वीटर. ‘अजून वाढवा’ आणि ‘जरा कमी करा’ असे दोन निरोप एकाच वेळी आले तर बहुधा आवाज बरोबर आहे.

लाइट गेली की हात सगळ्यात आधी मिक्सरच्या स्विचकडे जावा आणि तो बंद व्हावा. वीज परत येताना झटका मारते. आली की अर्धा मिनिट जाऊ द्या, मास्टर खाली ठेवून चालू करा, सीन बोलवा, मग वर.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस त्या वर्षीच्या आदेशात बघायचे. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मांडव उघडा असेल तर पोलिसांची परवानगी आधी काढून तिची प्रत मिक्सरपाशीच ठेवा. पावणेदहाला बक्षिसं उरली असतील तर सीन २ वर या आणि मास्टर हळूहळू उतरवायला लागा. लोक आपोआप खुर्च्या पुढे ओढतात.

आवरताना

आधी आजच्या दुरुस्त्यांसह सगळं नव्या नंबरवर सेव्ह करा, जुन्यावर नको. नावात हॉल आणि तारीख टाका, पेनड्राइव्हवर प्रत घ्या. गेनच्या बटणांचा मोबाइलवर जवळून फोटो काढा, कारण ते पेनड्राइव्हवर जात नाहीत. मग मास्टर खाली, फँटम बंद, मिक्सर बंद, आणि त्यानंतरच कीबोर्ड, लॅपटॉप आणि रिसीव्हर. चालू करताना हे सगळं उलट, मिक्सर सगळ्यात शेवटी.

केबल कोपराभोवती गुंडाळू नका. आतली तार पिळते आणि पिनेपाशी तुटते. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, अशा हातभर गोलात गुंडाळा म्हणजे पुढच्या वेळी टाकताना गाठ पडत नाही. मांडवात भिजलेल्या केबल पिशवीत बंद करू नका. दुसऱ्या दिवशी पंख्याखाली पसरा, पिना कोरड्या फडक्याने पुसा, आणि जिच्यात खरखर आली होती तिला लाल टेप लावून वेगळी काढा, नाहीतर अनंतचतुर्दशीला तीच पुन्हा हाताला लागेल.